इंग्रजी ठीक आहे म्हणतात, मग चॅप्टर परत का येतो?

खाडाखोड

पीएचडीचं दुसरं वर्ष चालू आहे, परदेशात. काल लिट रिव्ह्यूचा, म्हणजे आधीच्या संशोधनाच्या आढाव्याचा, चॅप्टर गाईडकडून तिसऱ्यांदा परत आला. पहिल्या वेळी लाल रंग इतका होता की फाईल उघडून तशीच बंद केली. दुसऱ्या वेळी जरा कमी होता. या वेळी पस्तीस पानांत फक्त चार कॉमेंट्स आहेत आणि त्यांनीच जास्त हादरलेय.

पहिली: 'सो व्हॉट?' दुसरी: 'यात तू कुठे आहेस?' तिसरी पुन्हा 'सो व्हॉट?' आणि अगदी शेवटी, 'भाषेसाठी एखाद्या नेटिव्ह स्पीकरकडून तपासून घे.'

माझं इंग्रजी वाईट नाही हो. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत लेखनाला बरे बँड होते. सेमिनारमध्ये बोलते, ईमेल लिहिते, कुणाला माझं बोलणं कळत नाही असं कधी झालं नाही. पण थीसिस लिहायला बसलं की एका वाक्याला वीस मिनिटं जातात. आधी मराठीत सुचतं, मग इंग्रजीत येतं, मग ते 'अकॅडमिक' वाटावं म्हणून मी त्याला कपडे चढवते. तोवर मुळात काय म्हणायचं होतं तेच निसटलेलं असतं.

तुमच्यापैकी कोणी यातून गेलंय का? नक्की काय चुकतंय हेच कळत नाहीये, त्यामुळे सुधारायचं काय तेही कळत नाही.

टंकनचूक

नेटिव्ह स्पीकरचा किस्सा ऐका. माझ्या लॅबमधल्या एकाला ड्राफ्ट तपासायला दिला. 'लुक्स गुड' लिहून दहा मिनिटांत परत. मग त्याने मला त्याचा दिला. 'अफेक्ट' आणि 'इफेक्ट' यांत त्याचा कायमचा घोळ, आणि एक वाक्य अकरा ओळींचं. ते सुधारण्यात माझा दीड तास गेला. आता तो सगळ्यांना माझं नाव सुचवतो.

पेन्सिल_टोक

खाडाखोड, चारपैकी तीन कॉमेंट्स एकाच गोष्टीबद्दल आहेत आणि चौथीचा तिच्याशी काही संबंध नाही. 'सो व्हॉट' व्याकरण तपासून जात नाही.

एक परिच्छेद इथे टाक ना. लेखकांची नावं काढून, मराठीत सांगितलास तरी चालेल. मराठीत तोच परिच्छेद लंगडत असेल तर इंग्रजीचा दोष नाही हे लगेच कळेल.

खाडाखोड

टाकते. विषय मातीतला ओलावा मोजणारे सेन्सर. हसू नका. ('कॅलिब्रेशन' म्हणजे सेन्सरचं रीडिंग खऱ्या मापाशी जुळवून घेणं.)

'क आणि सहकाऱ्यांनी कपॅसिटिव्ह सेन्सर वापरून मातीतला ओलावा मोजला. त्यांना चांगले निकाल मिळाले. ख यांनी असे म्हटले आहे की मातीतल्या क्षारांमुळे सेन्सरचे रीडिंग बदलते. ग यांनी तापमानाचा परिणाम अभ्यासला. घ यांनी चिकणमातीसाठी वेगळे कॅलिब्रेशन सुचवले. अशा प्रकारे अनेक संशोधकांनी या विषयावर काम केले आहे. म्हणून या विषयावर अधिक संशोधनाची नितांत गरज आहे.'

मराठीत लिहिल्यावर मलाच कसंतरी झालं.

पेन्सिल_टोक

शेवटची दोन वाक्यं एकमेकांच्या जिवावर उठलीत. अनेकांनी काम केलंय, 'म्हणून' अजून काम हवं? मग थांबायचं कधी?

जुनाखोड

खाडाखोडताई, हा हजेरीपट आहे. क हजर, ख हजर, ग हजर. वर्गात काय चाललंय ते कुणी सांगितलंच नाही.

मी गेली बरीच वर्षं विद्यार्थ्यांचे चॅप्टर वाचतो आणि हा परिच्छेद मी शेकडो वेळा वाचला आहे. लिहिणाऱ्यांत इंग्रजी मातृभाषा असलेलेही भरपूर. त्यांचा हजेरीपट फक्त गुळगुळीत असतो.

जॉन स्वेल्स नावाच्या भाषाअभ्यासकाने पेपरांच्या प्रस्तावना चिरफाड करून पाहिल्या. १९९० मध्ये त्याने मांडलेला 'कार्स' ('क्रिएट अ रिसर्च स्पेस') आराखडा आता लेखनाच्या बऱ्याच कोर्समध्ये शिकवतात. त्याचं म्हणणं असं की प्रस्तावनेत लेखक तीन चाली खेळतो. पहिली, हा इलाखा महत्त्वाचा आहे. दुसरी, या इलाख्यात अमुक जागा मोकळी आहे. तिसरी, त्या जागेवर मी बसतो आहे. तुमच्या परिच्छेदात पहिली चाल पाच वेळा आहे आणि दुसरी एकदाही नाही. दुसरीशिवाय तिसरी कुठून येणार? 'यात तू कुठे आहेस' याचा अर्थ एवढाच. त्यांना तुमचं चरित्र नकोय.

आणि मोकळी जागा म्हणजे 'यावर कुणी काम केलेलं नाही' एवढंच नव्हे. पाण्याखाली बसून सतार वाजवण्यावरही कुणी काम केलेलं नाही. ते नसल्यामुळे कुणाचं काय अडलं, हे सांगावं लागतं.

खाडाखोड

हे वाचून कॉलेजमध्येच कुणी सांगितलं असतं तर, असं झालं. आपल्याला 'अमुक असे म्हणतात, तमुक असे म्हणतात' लिहून पूर्ण गुण मिळायचे. मी मत दिलं तर 'तू कोण?' आणि इथे मत नाही दिलं तर 'तू कुठे?'

कंसातला

आयईएलटीएसचं म्हणाल तर त्या परीक्षेत मोठ्या निबंधाला ४० मिनिटं आणि किमान २५० शब्द. विषय तिथेच दिलेला, एकही संदर्भ वाचायचा नाही, कुणाचं म्हणणं खोडायचं नाही. थीसिसमध्ये नेमकं तेच करायचं असतं. परीक्षा वाईट नाही, ती वेगळंच मोजते. तिथे सात आणले म्हणजे लिट रिव्ह्यू जमेल अशी समजूत करून आपण विमानात बसतो.

दुसरी_बाजू

मी मानव्यविद्येची, त्यामुळे सेन्सरबद्दल शून्य कळतं. पण 'क यांनी असे म्हटले आहे' यावर माझा जुना राग आहे.

इंग्रजी अकॅडमिक लेखनात 'म्हटले' साठी दहा-पंधरा क्रियापदं आहेत आणि प्रत्येकात लेखकाचं मत लपलेलं असतं. 'शोज' लिहिलं की तुम्ही त्या निष्कर्षावर सही केली. 'सजेस्ट्स' लिहिलं की तुम्ही म्हणताय, पुरावा आहे पण पक्का नाही. 'आर्ग्यूज' म्हणजे हा मुद्दा वादाचा आहे. आणि 'क्लेम्स' म्हणजे साधारण 'असं याचं म्हणणं, मला काही तितकंसं पटत नाही'. मी पहिल्या वर्षी विविधता हवी म्हणून समानार्थी शब्दांच्या कोशातून 'क्लेम्स' उचलला आणि माझ्याच गाईडच्या पुस्तकाबद्दल वापरला. ती हसली, हे माझं नशीब.

तर खाडाखोड, 'तू कुठे आहेस' याचं उत्तर 'आय थिंक' लिहून द्यायचं नसतं. ते या क्रियापदांतून देता येतं. तसं 'आय' आणि 'वी' वापरायलाही बंदी नाही. एपीए या शोधलेखनाच्या नियमपुस्तकाची २०१९ ची सातवी आवृत्ती तर तुम्ही जे केलंत ते 'आय' किंवा 'वी' लावूनच सांगा म्हणते. 'द ऑथर बिलीव्ह्ज' असं स्वतःबद्दल तिऱ्हाइतासारखं लिहिणं आता जुनाट वाटतं. मात्र तुमच्या विषयातले पाच ताजे पेपर उघडून पाहा. तिथले लोक करतात ते करा, माझं ऐकू नका.

टंकनचूक

सगळे वरच्या मजल्यावरच बोलताय, तळमजल्याला गळती आहे त्याचं काय? सो व्हॉट जाईल, पण 'द' राहील.

मराठीत आर्टिकल नाही. आपण वीस वर्षं इंग्रजी शिकलो तरी 'द' कानाला बरं वाटेल तिथे टाकतो. माझा जुना ड्राफ्ट उघडला तर मिठाच्या बरणीला बूच नसल्यासारखे 'द' सांडलेले दिसतात, आणि हवे तिथे एकही नाही.

मला दोन प्रश्नांनी तारलं. पहिला: नाम मोजता येणारं आणि एकवचनी आहे का? असेल तर ते इंग्रजीत एकटं उभं राहू शकत नाही. 'अ', 'द', 'धिस', 'अवर', काहीतरी पुढे हवंच. 'वी हीटेड सॅम्पल' चालत नाही, बस्स. निम्म्या चुका इथेच पकडल्या जातात. दुसरा: मी कुठल्या वस्तूबद्दल बोलतोय हे वाचकाला या क्षणी ठाऊक आहे का? असेल तर 'द'.

आणि ही नुसती सजावट नाही. 'सेन्सर्स नीड कॅलिब्रेशन' म्हटलं तर जगातल्या सगळ्या सेन्सरबद्दल विधान झालं. 'द सेन्सर्स नीड कॅलिब्रेशन' म्हटलं तर माझ्या टेबलावरच्या चार सेन्सरबद्दल. एका 'द'ने दाव्याचा आकार बदलतो. माझ्या रिव्ह्यूअरने 'हे सर्व सेन्सरना लागू होतं का?' असं विचारलं तेव्हा मला राग आला होता. मी असं कुठे म्हटलं? म्हटलं होतं, 'द' न लिहून.

बाकी आपल्या घरच्या चुका:

'ऑलदो' आणि 'बट' एकाच वाक्यात. आपल्या 'जरी'ला 'तरी' लागतो, त्यांच्या 'ऑलदो'ला काही लागत नाही. तसंच 'बिकॉज' ने सुरू करून पुढे 'देअरफोर'.

'रिसर्चेस', 'एव्हिडन्सेस', 'इक्विपमेंट्स', 'सॉफ्टवेअर्स'. इंग्रजीत ही सगळी पिठासारखी, मोजायची नाहीत.

'डिस्कस अबाउट'. 'च्याबद्दल' डोक्यातून जात नाही.

'द सेम वॉज अनलाइझ्ड'. 'द सेम' ला सर्वनाम म्हणून कचेरीच्या पत्रातच राहू द्या.

'इज हॅविंग'. सेन्सर 'इज हॅविंग' तीन पिना नसतो.

आकड्यांत लाख आणि त्यांचे स्वल्पविराम. माझ्या पहिल्या पेपरात १०,००,००० अशी मांडणी गेली होती. संपादकाला वाटलं एक शून्य गळालंय.

पेन्सिल_टोक

टंकनचूक, पिठाचं उदाहरण ढापतेय.

मध्यरात्र

वाचतोय बराच वेळ. सगळ्यांचं पटतंय आणि सगळ्यांचा रागही येतोय.

तुम्ही सगळे कौशल्याबद्दल बोलताय. वेळेचं काय? माझ्या बाजूच्या टेबलावरचा मुलगा सकाळी लिहायला बसतो आणि जेवणापर्यंत मेथड्स संपवतो. मला तेवढ्याला तीन दिवस. आमची फेलोशिप सारख्याच महिन्यांची.

हे माझं रडगाणं नाही. तात्सुया अमानो आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये 'प्लॉस बायॉलॉजी' या नियतकालिकात पाहणी छापली. पर्यावरणविज्ञानातले ९०८ संशोधक, ८ देशांतले. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांना पेपर वाचायला, लिहायला, भाषण तयार करायला सगळीकडे जास्त वेळ लागतो. भाषेच्या कारणावरून पेपर नाकारला जाण्याचं प्रमाण सुमारे २.५ पट, आणि भाषा सुधारा म्हणून परत येण्याचं १२.५ पट. हा कर आहे, आणि तो आम्ही भरतो. वर आम्हालाच सांगतात, नेटिव्ह स्पीकरला दाखव. तो नेटिव्ह स्पीकर फुकट मिळतो का?

जुनाखोड

मध्यरात्र, आकडे मला माहीत आहेत आणि मान्यही आहेत. पण खाडाखोडताईंचा चॅप्टर भाषेमुळे परत आलेला नाही. हजेरीपट जन्माने इंग्रज असलेल्याने लिहिला तरी मी परत पाठवतो. ज्याला-त्याला अन्यायाच्या खात्यावर टाकलं की सुधारायला काही उरतच नाही.

मध्यरात्र

त्याला परत पाठवताना 'नेटिव्ह स्पीकरकडून तपासून घे' असं लिहिता का?

जुनाखोड

…नाही लिहीत.

खरं सांगायचं तर पूर्वी इतरांना लिहायचो. युक्तिवाद कुठे ढिला आहे हे शोधून सांगायला एक तास लागतो आणि 'भाषा तपासा' लिहायला पाच सेकंद. तुमचं हे वाक्य मला लागलं. असो.

दुसरी_बाजू

याच्यावर एक जुना इतिहासही आहे. रॉबर्ट कॅप्लनने १९६६ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांचे निबंध तपासून विचारांच्या आकृत्या काढल्या होत्या. इंग्रजीसाठी सरळ खाली उतरणारी रेघ आणि 'ओरिएंटल' म्हणून गोल गोल भोवरा. नंतर त्यावर भरपूर टीका झाली आणि कॅप्लननेच आपली भूमिका पुढे बरीच सौम्य केली. तरी तो भोवरा कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणात अजून फिरताना दिसतो. माझ्याच एका कॉमेंटमध्ये होतं, 'तुमच्या संस्कृतीत वळणावळणाने सांगतात का?' नाही, मला त्या दिवशी मुद्दाच सापडला नव्हता.

त्यापेक्षा जॉन हाइंड्सची १९८७ मधली मांडणी मला उपयोगी पडली. काही भाषांच्या लेखनात अर्थ लावायची जबाबदारी वाचकाची असते, काहींत लिहिणाऱ्याची. इंग्रजी दुसऱ्या गटातली. म्हणजे मुद्दा आधी सांगा, का सांगताय ते सांगा, पुढे काय येणार तेही सांगून ठेवा. मला हे सुरुवातीला अपमानास्पद वाटायचं, वाचक काय कुक्कुलं बाळ आहे का म्हणून. आता इतरांचं वाचायला लागल्यावर मीच शोधते की बाई, तुझा मुद्दा कुठल्या ओळीत आहे.

खाडाखोड

आज युनिव्हर्सिटीच्या रायटिंग सेंटरला गेले. चॅप्टर पुढे ठेवला, म्हटलं व्याकरण बघून द्या. तर म्हणाली आम्ही प्रूफरीडिंग करत नाही! मग करता काय? तिने मला एक परिच्छेद मोठ्याने वाचायला लावला आणि विचारलं, 'हा परिच्छेद इथे का आहे?' मला सांगता येईना. पाऊण तास एका परिच्छेदावर गेला. चिडून बाहेर पडले. जिन्यात लक्षात आलं, सो व्हॉट हेच होतं ना.

पेन्सिल_टोक

सेंटरवाल्यांचं हे धोरण जवळपास सगळीकडे असतं आणि पहिल्यांदा सगळेच चिडतात. पुढच्या वेळी अख्खा चॅप्टर नेऊ नकोस. दोन पानं ने, आणि विचार की माझ्या चुकांत वारंवार येणारी कुठली ते दाखवा. तेवढं दाखवतात.

घरी करायची एक गोष्ट. चॅप्टर पूर्ण लिहून झाल्यावर प्रत्येक परिच्छेदाचं एका वाक्यात सार समासात लिही, मराठीतच लिही. मग फक्त तो समास वाचत जा. जिथे सार लिहिता येत नाही तिथे परिच्छेदात दोन परिच्छेद आहेत किंवा एकही नाही. माझ्या पहिल्या चॅप्टरच्या समासात चार ठिकाणी 'हे आधी सांगितलंय' आलं होतं.

कंसातला

मराठीच्याच वापराबद्दल. माझा सिमिलॅरिटी रिपोर्ट एकदा ३१ टक्के आला होता आणि मी रात्रभर झोपलो नव्हतो. पहिलं, तो आकडा म्हणजे चोरीचं प्रमाण नाही. जुळणारा मजकूर किती, एवढंच तो सांगतो. संदर्भयादी जुळते, अवतरणं जुळतात, प्रयोगाच्या पद्धतीतली ठरावीक वाक्यं जुळतात. माणसाला बसून बघावंच लागतं.

पण माझ्यात खरी अडचणही होती. मी मूळ वाक्य समोर ठेवून त्यातले चार शब्द बदलत होतो. याला 'पॅचरायटिंग' म्हणतात. हा शब्द रिबेका मूर हॉवर्ड यांनी रूढ केला. त्यांचं म्हणणं, हे बहुतेक वेळा फसवणुकीतून येत नाही, नवी भाषा आणि नवा विषय एकदम शिकणारा माणूस असंच चाचपडत लिहितो. नियमपुस्तकात मात्र इतकी माया नसते, शिक्षा होऊ शकते. म्हणून सवय मोडणं बरं.

माझी मोडली ती अशी: पेपर वाचायचा, बंद करायचा, आणि कुणाला फोनवर सांगावं तसं मराठीत दोन-तीन ओळींत लिहायचं. पानाचा क्रमांक शेजारी. दुसऱ्या दिवशी त्या मराठी टिपणावरून इंग्रजी लिहायचं. मूळ वाक्य डोळ्यांसमोर नसतं, त्यामुळे उचलताच येत नाही. आणि मराठीत सांगता आलं नाही तर समजलंच नव्हतं, हे तिथल्या तिथे कळतं. शेवटी मूळ पेपर उघडून अर्थ बदलला नाही ना ते ताडून पाहायचं.

नवखा_पाहुणा

एवढं सगळं करण्यापेक्षा एआयला द्या ना. दोन मिनिटांत झकास इंग्रजी.

कंसातला

दिलं होतं. मी लिहिलं होतं, 'मे बी असोसिएटेड विथ'. परत आलं ते 'लीड्स टू'. वाक्य सुंदर, निष्कर्ष खोटा. 'मे', 'सजेस्ट', 'अपिअर्स टू' हे शब्द बिचकून वापरलेले नसतात, दावा पुराव्याइतकाच ठेवायला वापरलेले असतात. केन हायलंड या भाषाअभ्यासकाने या जपून बोलण्यावर, म्हणजे हेजिंगवर, बरंच काम केलंय. मशीनला किंवा घाईतल्या मित्राला ते शब्द पाणी घातल्यासारखे वाटतात आणि ते उडवतात. घ्यायची तर मदत घ्या, पण क्रियापदं एक-एक करून तपासा. आणि आधी तुमच्या विभागाचा नियम वाचा. काही ठिकाणी वापर जाहीर करून चालतो, काही ठिकाणी मुळीच नाही.

मध्यरात्र

आणि न वापरताही पकडले जाल. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने एआय ओळखणारे ७ डिटेक्टर तपासले. टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी परदेशी विद्यार्थ्यांनी स्वतः लिहिलेल्या ९१ निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून जास्त त्यांनी मशीनचे ठरवले. अमेरिकन आठवीच्या मुलांचे निबंध मात्र जवळजवळ सगळे माणसाचे ठरले. कारण साधं आहे, शब्द मोजके आणि वाक्यरचना ठरावीक असली की डिटेक्टरला मशीनचा वास येतो. म्हणजे नीट लिहिलं तरी संशय.

ड्राफ्टच्या सगळ्या आवृत्त्या तारखांसकट जपून ठेवा, हे मी प्रत्येकाला सांगतो.

टंकनचूक

माझ्या 'द'च्या चुका हाच माझा माणूस असल्याचा पुरावा.

जुनाखोड

एक राहिलं. वाक्याच्या शेवटाबद्दल.

मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे वजनदार गोष्ट आपण क्रियापदाच्या आधी कुठेतरी ठेवतो आणि 'आहे', 'होते' यांवर थांबतो. इंग्रजी वाचक वाक्याच्या शेवटाला सगळ्यात जास्त महत्त्व देतो. गोपेन आणि स्वान यांनी १९९० मध्ये 'अमेरिकन सायंटिस्ट'मध्ये हे फार छान दाखवलंय: वाचकाला ठाऊक असलेलं आधी, नवं शेवटी, आणि त्या नव्याला पुढच्या वाक्याने सुरुवातीलाच हात धरून उचलायचं. मी विद्यार्थ्यांना प्रत्येक वाक्याचे फक्त पहिले चार आणि शेवटचे चार शब्द अधोरेखित करायला लावतो. कुठे साखळी तुटली ते डोळ्यांना दिसतं, व्याकरण यायलाच हवं असं नाही.

खाडाखोडताईंच्या परिच्छेदात प्रत्येक वाक्य नव्या माणसाच्या नावाने सुरू होतं. म्हणून वाचक दर वाक्याला नव्याने ओळख करून घेत बसतो. माणसांना कंसात पाठवा, वाक्याच्या सुरुवातीला क्षार आणि तापमान बसवा.

पेन्सिल_टोक

आणि गाईडच्या भाषेचाही कोश लागतो. 'यू माइट वॉन्ट टू कन्सिडर' म्हणजे कर. 'इंटरेस्टिंग' म्हणजे अजून पटलेलं नाही. माझ्या एका मैत्रिणीने 'माइट'ला ऐच्छिक समजून सहा कॉमेंट्स सोडून दिल्या. पुढची मीटिंग तिला अजून आठवते.

खाडाखोड

तीन आठवड्यांनी येतेय. सगळ्यांचं थोडं थोडं करून पाहिलं. सेन्सरचा परिच्छेद आता असा:

'कपॅसिटिव्ह सेन्सर स्वस्त आणि सोपे असले तरी त्यांचं रीडिंग फक्त ओलाव्यावर अवलंबून नसतं. क्षारता वाढली की तेही वाढतं (ख), आणि तापमानाने त्यात आणखी भर पडते (ग). या दोन्ही परिणामांसाठी सुचवलेल्या दुरुस्त्या बहुतेक एका वेळी एकच घटक बदलून तपासलेल्या आहेत. शेतात मात्र दोन्ही एकाच वेळी बदलतात. चिकणमातीसाठी वेगळं कॅलिब्रेशन उपलब्ध आहे (घ), पण तेही स्थिर तापमानातलं. त्यामुळे खारवट चिकणमातीत उन्हाच्या दिवशी आलेलं रीडिंग कितपत खरं मानायचं, हे आज शेतकऱ्याला सांगता येत नाही. हा चॅप्टर तिथून सुरू होतो.'

क यांना काढून टाकलं. त्यांचं काम चांगलंच आहे, पण इथे त्यांचं काही काम नव्हतं. वाईट वाटलं, त्यांचा पेपर वाचायला मला चार दिवस लागले होते.

इंग्रजीत हे लिहायला अडीच दिवस गेले. मध्यरात्र, तुमचा कर भरला. 'ऑलदो' नंतर 'बट' आलं होतं, ते टंकनचूक यांना स्मरून खोडलं.

टंकनचूक

डोळे पाणावले.

जुनाखोड

उत्तम. 'बहुतेक' ला इंग्रजीत काय लिहिलंत?

खाडाखोड

'लार्जली'. आधी 'ऑलवेज' होतं. मग संदर्भ पुन्हा पाहिले, दोन पेपरांनी दोन्ही घटक एकत्र बदलले होते. लिहिताना ते मी विसरूनच गेले होते.

पेन्सिल_टोक

गाईड काय म्हणाल्या?

खाडाखोड

'सो व्हॉट' गेलं. नेटिव्ह स्पीकरचा विषयही निघाला नाही. ख यांच्या वाक्यावर एकच कॉमेंट आहे: 'रिअली? तुला हे पटतं?'

आणि खरं म्हणजे मला नाहीच पटत. क्षारतेमुळे वाढ होते म्हणतात, पण त्यांनी सगळं वाळूतच मोजलं असावं असा मला पहिल्यापासून संशय आहे. मी 'शोज' लिहून ठेवलंय. आता 'सजेस्ट्स' करू की 'क्लेम्स'? इतक्या मोठ्या लेखकाला 'क्लेम्स' म्हणायची माझी हिंमत होत नाहीये.

दुसरी_बाजू

'क्लेम्स' नको गं, मी त्यातून गेलेय.

पेन्सिल_टोक

क्रियापद नंतर. माती कुठली होती हे त्यांच्या पेपरात कुठल्या पानावर आहे ते आधी सांग.

खाडाखोड

मुख्य पेपरात नाही. सप्लिमेंटरीत, म्हणजे पुरवणीत, पान ९, तक्त्याखालच्या तळटीपेत. वाळूच.

जुनाखोड

मग क्रियापद 'शोज'च राहू द्या आणि वाक्यात 'वाळूत' घाला.